अव्वाचे तीन सूर

माझी आई भाकरी थापताना गायची. आम्ही तिला अव्वा म्हणायचो. उमरग्याच्या आमच्या लिंगायत घरांत आई ती अव्वा आणि वडील ते अप्पा. चुलीपुढं एक गुडघा उभा करून ती बसायची, परातीत पिठाचा गोळा ठेवायची, आणि तळहाताची पहिली थाप पडली की तिच्या गळ्यातून एक गुणगुण सुरू व्हायची. भाकरी वाटोळी होत जायची तशी ती गुणगुणही पसरत जायची. भाकरी तव्यावर पडली की गाणं थांबायचं. वरून पाणी फिरवायचं, उलटायची, निखाऱ्याशी लावून फुगायची वाट बघायची, मग पुढचा गोळा आणि पुढची ओळ. पाहुणे जास्त असले की भाकरी जास्त लागायच्या आणि गाणं लांबायचं. पाहुणे आले की गाण्याला जास्तीची कडवी फुटतात, असं मला किती तरी वर्षं खरंच वाटत होतं. बोलणं घरात दोन भाषांत चालायचं. अव्वाचं माहेर कर्नाटकात, हुमनाबादकडं. रागावली की ती कानडीत रागवायची, लाड करायची तेही कानडीत, आणि मधला सगळा संसार मराठीत करायची. गाणं मात्र कुठल्या भाषेत आहे हे मला बऱ्याचदा कळायचं नाही, कारण शब्द पिठाबरोबर मळून निघायचे आणि चालच तेवढी वर राहायची.

घर मागं आणि अप्पांचं दुकान पुढं, थेट सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर. अप्पा ट्रकच्या हॉर्नचे मिस्त्री होते. त्या वेळी ट्रकवाल्याला नुसता मोठा आवाज पुरत नसे, दुसऱ्या कुणाच्या गाडीला नसेल असा आवाज हवा असे. पंजाबातला ड्रायव्हर, हैदराबादकडचा ड्रायव्हर, जवळच्या लोहाऱ्याचा ड्रायव्हर, सगळे दुकानापुढच्या लिंबाखाली बाजेवर पडून राहायचे आणि आत अप्पा लांब-आखूड भोंगे जुळवत बसायचे. एका भोंग्यात हवा सोडली की एक सूर निघायचा. दुसरा त्याच्या जोडीला लावला की दोघांच्या मधे आणखीच काहीतरी उभं राहायचं. तिसरा जोडून अप्पा मान तिरकी करून ऐकायचे आणि पुटपुटायचे, "बसंना." तो काढायचे, दुसरा लावायचे. बसला की स्वतःशीच हसायचे. मी दाराशी उभी असायची. शाळेत, देवळात, रेडिओवर सगळे एका वेळी एकच चाल गायचे. आमच्या दुकानात मात्र तीन आवाज तीन वेगळ्या उंचीवर एकदम उभे राहायचे. आता तो रस्ता चौपदरी झालाय, गाड्या गावात न शिरता वरून निघून जातात. पण मी आजही स्वरलेखनाचा कागद पुढं घेतला, की आधी डिझेलचा आणि लिंबोळ्यांचा वास येतो. सूर त्याच्यामागून येतात.

दर सोमवारी दुपारी जुन्या महादेवाच्या दगडी देवळात बायकांचं भजनी मंडळ बसायचं आणि अव्वा त्याची म्होरकी होती. ती एक ओळ सोडायची, बाकीच्या ती उचलायच्या. तिचा आवाज मोठा नव्हता. तो सरळ होता, विहिरीत सोडलेल्या दोरासारखा, आणि बाकीच्या बायका त्याला धरून खाली-वर करायच्या. तिच्या शेजारी कलावती काकू झांजा घेऊन बसायच्या. काकूंची आमच्या गल्लीतच पिठाची गिरणी होती. त्यांच्या भुवया कायम पांढऱ्या असायच्या आणि जीभ कायम चालू असायची. त्यांना शब्द जुळवता यायचे. कुणाचं बारसं असो, कुणाचं डोहाळजेवण, काकू बसल्या जागी चार ओळी बांधून द्यायच्या. मंडळाची पेटी आमच्या घरी असायची, कारण देवळातले उंदीर तिचा भाता कुरतडायचे. त्या पेटीवर मी आपली आपणच शिकले. अव्वा थापायची आणि मी पलीकडच्या खोलीत तिची चाल पेटीवर शोधायची. सापडली की ती थापता थापता नुसतं "हौदु" म्हणायची. हौदु म्हणजे होय. चुकली की काहीच बोलायची नाही, फक्त थाप जरा जोरात पडायची.

अव्वाच्या गळ्यावरची गाठ पहिल्यांदा काकूंनी पाहिली. भजन संपवून सगळ्या देवळाच्या पायऱ्या उतरत होत्या, आणि काकू मधेच थांबून म्हणाल्या, "अगं, गळ्यापाशी काय हाय ते? गिळताना हाललालंय बघ." अव्वानं पदर ओढून घेतला आणि म्हणाली, "काय न्हाय, उगं सूज हाय." ती सूज गेली नाही. उमरग्यात दवाखाने कमी नव्हते. एका डॉक्टरनं दुसऱ्याकडं धाडलं, दुसऱ्यानं सोलापूरला. तिथल्या डॉक्टरनं अप्पांना समजावून सांगितलं की गाठ काढावीच लागेल, आणि आवाजाची शीर तिला अगदी चिकटून जाते, जपून काढू पण खात्री देता येत नाही. ते अप्पांनी मला फार नंतर सांगितलं. अव्वाला माहीत होतं. सोलापूरला जायच्या सकाळी तिनं अंघोळ केली, लिंगपूजा केली, भस्म लावलं, आणि चुलीपुढं बसून आमच्यासाठी दोन दिवस पुरतील इतक्या भाकरी केल्या. त्या दिवशी ती शब्द अगदी स्पष्ट म्हणत होती. मी पेटीपाशी गेले नाही. चौकटीला टेकून नुसती ऐकत राहिले.

ती परत आली तेव्हा गळ्याला पांढरी पट्टी होती आणि आवाज नव्हता. कुजबूज होती. वाळलेल्या पानांवरून कुणी चालावं तशी. पट्टी निघाली, जखम भरली, गाठ साधीच निघाली म्हणून अप्पांनी देवळात नारळ वाढवला. आवाज आला नाही. डॉक्टर म्हणाले, वाट बघा, हळूहळू थोडा येईल. अव्वा वाट बघत होती की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून कळायचं नाही. मला बोलवायचं असलं की ती टाळी वाजवायची. अप्पांना बोलवायचं असलं की दुकान आणि घर यांच्या मधल्या कडीवर बोटानं टिचकी मारायची. मी तिच्यासाठी ज्वारीच्या पिठाची पातळ आंबिल करायला शिकले, तीच तिला सुखानं गिळता यायची. आणि अप्पा हॉर्न वाजवून बघायचे ते रस्ता ओलांडून, पलीकडच्या माळावर नेऊन. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. तिला आवाज नसताना दुकानातून एवढा मोठा आवाज यावा हे त्यांना बरं वाटत नसावं. माळावरून ते सूर वाऱ्यावर विरत विरत यायचे, ढोरांच्या हंबरण्यासारखे. भाकरीची वेळ व्हायची, अव्वा बसायची, थाप पडायची. थापेच्या वर काहीच नसायचं. एखादं घर छप्पर नसताना उभं राहावं तसं ते ऐकू यायचं.

सोमवारी ती देवळात जाईना. काकू येऊन बसायच्या, गिरणीतल्या गोष्टी सांगायच्या, आणि निघताना दरवेळी म्हणायच्या, "चल की गं. गाऊ नको, नुस्ती येऊन बस." अव्वा हात जोडायची आणि ओठ हलवायची, "साकु." साकु म्हणजे पुरे, बास. तिच्या तोंडी हा शब्द फार येऊ लागला होता. जेवताना साकु, औषधाला साकु. मंडळाची म्होरकी आता काकू झाल्या होत्या, पण त्यांची चाल मधेच घसरायची आणि त्यांनाच हसू यायचं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. पेटी वाजवायला मी जायची, म्हणून मला ते माहीत.

एका संध्याकाळी अव्वा अंगणात माझ्या केसांना तेल लावत होती. तिचा हात आणि माझं डोकं एका लयीत हलत होतं, माझे डोळे मिटायला आले होते. आणि कानामागं काहीतरी सुरू झालं. गाणं नव्हतं ते. तिला स्वतःलाही कळत नव्हतं. जाडसर, खालचा, खरखरीत आवाज. पण सूर होता. एका ठिकाणी थांबायचा, किंचित वर सरकायचा, आणखी किंचित वर, आणि परत खाली येऊन बसायचा. मी हललेच नाही. वेणी घालून झाली तशी आत पळाले आणि पेटीवर ते सूर शोधले. मंडळाचा सा काळी पाचचा, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवरचा. त्या हिशेबानं अव्वाकडं खालचा पंचम होता, त्याच्या वर धैवत आणि त्याच्या वर निषाद. तिथं तिचा गळा संपत होता. निषादाच्या अगदी लागून वर सा असतो. गाणारा माणूस कुठंही हिंडून आला तरी सा म्हणजे त्याचं घर; तिथं टेकल्याशिवाय गाणं संपल्यासारखं वाटत नाही. अव्वा उंबऱ्यापर्यंत येत होती आणि तिथून परत फिरत होती. पुढचे कितीतरी दिवस मी कान देऊन होते. म्हशीला चारताना, तांदूळ निवडताना, तिच्या नकळत तेच तीन सूर यायचे. सा कधीच यायचा नाही. एकदा तिनं मुद्दाम प्रयत्न केला असावा. मी न्हाणीच्या दाराबाहेर होते. आवाज फाटला, नुसती हवा आली, आणि मग बराच वेळ पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला.

मी तेव्हा मॅट्रिकच्या अलीकडच्या वर्गात होते. मला रागांची नावं येत नव्हती, स्वरलेखन माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की अप्पांच्या दुकानात खालचा भोंगा फार लांब उड्या मारत नाही. तो खाली पाय रोवून असतो, आणि वरच्या दोघांना त्याच्यामुळं अर्थ येतो. शाळेतून आल्यावर मी पेटी घेऊन बसायची आणि डाव्या हाताच्या एका बोटानं अव्वाचा पंचम दाबून उजव्या हातानं वर काहीतरी वाजवत राहायची. मग वरचं तेच ठेवून खाली धैवत दाबायची. आणि वरची चाल, जी मघाशी उन्हात असल्यासारखी होती, ती सावलीत जायची. चाल तीच, खालचं बोट सरकलं की तिचा जीव बदलायचा. निषादावर बोट ठेवलं की वरच्या चालीला थांबवेना, ती आपली आपणच घराकडं धाव घ्यायची. तो शोध लागला ती दुपार मला अजून दिसते. झरोक्यातून आलेला उन्हाचा कवडसा, त्यात तरंगणारा धुरळा, आणि मी तीन बोटांच्या जागा पुन्हा पुन्हा बदलतेय. भूक लागली होती पण उठवत नव्हतं. पुढं पुण्यात, एका थोर बाईंच्या वर्गात, मला कळलं की याचं एक अख्खं शास्त्र आहे आणि जगात लोक शेकडो वर्षं ते करत आले आहेत. मला वाईट वाटलं नाही. आपल्या गल्लीसारखीच गल्ली परगावी दिसावी तसं वाटलं.

चाल झाली तेव्हा मी अव्वाला सांगितलं, "अव्वा, श्रावणातल्या सोमवारसाठी एक गाणं केलंय. तुझ्यासाठी."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि कुजबुजली, "माझा गळा कुठं राहिलाय गं?"

"जेवढा राहिलाय तेवढ्यातच केलंय."

तिचा चेहरा एकदम मिटला. "ह्या फाटक्या आवाजानं देवापुढं बसू व्हय? लोकं काय म्हणतील? बिचारी म्हणतील. मला नको कुणाची बिचारी. साकु."

मी पुन्हा विचारलं नाही. पण रोज भाकरीच्या वेळी मी पलीकडच्या खोलीत पेटीवर ती चाल वाजवू लागले, आणि फक्त वरची. जिथं अव्वाचे सूर यायचे तिथं मी थांबायची, तेवढी जागा मोकळी सोडायची, आणि पुढं जायची. ऐकणाऱ्याला ती चाल अगदी अर्धवट वाटावी, कुणी प्रश्न विचारून उत्तराची वाट बघावं, तशी. पहिल्या दिवशी थाप नेहमीसारखी पडत राहिली. दुसऱ्या दिवशी मोकळ्या जागेपाशी थाप किंचित थबकली. पुढं केव्हातरी ती त्या जागेत थापू लागली, म्हणजे निदान हातानं भरू लागली. आणि एके दिवशी, मी थांबले असताना, भिंतीपलीकडून तो जाड खालचा पंचम आला. मी पुढची ओळ वाजवली. धैवत आला. माझा भाता नीट चालेना. निषादावर ती थांबली आणि मग मला तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. घरात त्या आधी भाकरी कधी करपली नव्हती. अप्पांनी ती शेंगाच्या चटणीबरोबर सगळी खाल्ली.

शब्द हवे होते, म्हणून मी काकूंकडं गेले. गिरणीच्या धडधडीत ओरडून त्यांना चाल म्हणून दाखवली. खालचे तीन सूर कुणाचे हे सांगितलं, तेव्हा त्यांनी गिरणीच बंद केली. पीठ खाली बसू दिलं. मग म्हणाल्या, "दोन चाली एकदम? हे गाणं हाय का सासू-सुनंचं भांडण?" पण दुसऱ्या दिवशी ओळी घेऊन त्याच आल्या. बायकांनी वर म्हणायचं, 'कुठं गेला महादेव, रानी पाहू का शिवारी? कुठं गेला महादेव, नदीवरी का बाजारी?' आणि त्यांनी ओळीचा शेवट धरून ठेवला की अव्वानं खालून आपल्या तीन सुरांतल्या एकावर उत्तर द्यायचं: 'हितंच हाय.' अव्वानं ते ऐकलं, काकूंच्या हातावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ उचलला नाही.

तालीम मात्र फजितीची झाली. आमच्या बायकांना जन्मभर एक चाल धरायची सवय. अव्वा खाली 'हितंच हाय' म्हणाली की निम्म्या बायका तिच्यामागं खाली घसरायच्या. मग त्यांना वर ओढलं की अव्वाच बिचकून गप्प व्हायची. एकीनं तर कानात बोटं घालून गायला सुरुवात केली. काकू झांजा आपटून म्हणाल्या, "आगं, तू देवाला हुडकायलीस का तिच्या पदराला? वर ऱ्हा की!" सगळ्या हसून लोळल्या. अव्वाही हसत होती, आवाज न करता, खांदे हलवत. पण दोन-तीन तालमींनंतरही जमेना, आणि तिचं हसणं थांबलं. घरी येताना ती कुजबुजली, "सोड बाई. तुझं गाणं चांगलं हाय. मला काढ त्यातनं."

तिला काढलं तर गाणंच उरत नव्हतं. मी दुकानाच्या पायरीवर रडत बसले. अप्पा हातातला भोंगा पुसत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बसवलंस कसं त्यांना?"

"नेहमीसारखं. मांडीला मांडी लावून."

"मग कसं हुईल, लेकी? भोंगे चिकटवून लावले की एकमेकाचा आवाज खातेत. जरा अंतर द्यावं लागतंय. तोंडं येगळीकडं करावी लागतेत." आणि पुन्हा पुसत राहिले.

श्रावणातल्या त्या सोमवारी मी बायकांना सभामंडपात दाराच्या बाजूला बसवलं आणि अव्वाला एकटीला पार आत, गाभाऱ्याच्या चौकटीपाशी, खांबाला टेकून. पिंडीवरच्या तांब्याच्या अभिषेकपात्रातून पाण्याचा थेंब पडत होता. बेलाचा, ओल्या दगडाचा, उदबत्तीचा वास होता. देऊळ भरलं होतं. बाप्ये बाहेर ओट्यावर, अप्पा त्यांच्यात सगळ्यात मागं. मी पेटी घेऊन मधे बसले, जिथून मला दोन्हीकडं बघता येईल. अव्वानं पदर गळ्याभोवती घट्ट घेतला होता. बायकांनी विचारलं, 'कुठं गेला महादेव?' आणि आवाज वर घुमटाकडं गेला. आता तिचं उत्तर. ते आलं नाही. मी भाता चालू ठेवला. काकूंनी झांज हळू केली आणि आपणहून तीच ओळ परत सुरू केली, जणू तशीच बसवलेली होती. पुन्हा घुमटाकडं प्रश्न गेला. आणि मग आतून, दगडातून निघाल्यासारखं, खालून आलं: 'हितंच हाय.'

ते सुंदर नव्हतं, म्हणजे सुंदर म्हणतात तसं नव्हतं. खरखरीत होतं, बाईचं की बाप्याचं हेही पटकन कळू नये असं. पण ते आलं आणि वरच्या बायकांचा सूर स्थिर झाला. पुढची ओळ शिवारात गेली, नदीवर गेली, बाजारात गेली, आणि दर वेळी आतून तेच उत्तर, कधी पंचमावर, कधी धैवतावर. एकच चाल कधी उजळायची, कधी झाकोळायची. मी वाजवत होते आणि मला वाटत होतं, देऊळ हळूहळू पाण्यात उतरतंय आणि आपण सगळे आत श्वास घेऊ शकतोय. शेवटी अव्वा निषादावर थांबली. तिथून वर तिला जाता येत नव्हतं. तिच्याऐवजी सगळ्या बायकांनी मिळून सा लावला, हलक्या आवाजात, तिला हाताला धरून आत घ्यावं तसा. तो शेवट मी केला होता, पण त्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला.

गाणं संपलं. मग ओट्यावरच्या एका म्हाताऱ्यानं शेजारच्याला मोठ्यानं विचारलं, "बाया चुकल्या का काय?" काकू आतूनच ओरडल्या, "चुकलो न्हाय, बाप्पा! आमचं हे आसंच हाय!" आणि देऊळ हसलं. प्रसाद घेताना कुणी म्हणालं फार चांगलं झालं, कुणी म्हणालं जुनीच भजनं बरी होती. एक अनोळखी बाई अव्वाजवळ आली, तिच्या गळ्याकडं एकदा बघून तिनं वाकून नमस्कार केला आणि निघून गेली. घरी येताना अप्पा पुढं चालत होते, नेहमीपेक्षा हळू. दुकानाशी आल्यावर त्यांनी कुलूप काढलं, बाकावरचा नवा भोंगा घेतला आणि तिथंच, दारात, अव्वाच्या देखत फुंकला. त्यानंतर ते हॉर्न घेऊन माळावर गेले नाहीत.

त्या देवळातून मी बाहेर आले ती मला आयुष्यात काय करायचंय हे ठरवूनच. त्याला संगीतरचना म्हणतात हे तेव्हा माहीत नव्हतं. पुढं सोलापूर, मग पुणे, व्हायोलिनं, चेलो, मोठे वृंद, परक्या देशांतली थंड सभागृहं, हे सगळं झालं आणि त्याच्याविषयी या आठवणींच्या इतर प्रकरणांत लिहिलंच आहे. परवा तालमीत एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही आधी आम्हाला गायला का लावता? आधी कागद का देत नाही?" मी तिला म्हटलं, तुझ्याकडं काय आहे ते ऐकते आणि मग लिहिते. तिला ते पटलं असावं, किंवा तिनं वयाचा मान ठेवला असावा.

पण त्या वर्षातली एक गोष्ट सांगायची राहिली. श्रावण गेला, गणपती गेले, रानातला नवा मूग घरात आला. अव्वानं तो घरावरच्या सपाट माळवदावर वाळत घातला होता. मी खाली अंगणात अभ्यासाला बसले होते. पारव्यांचा थवा उतरला आणि मुगावर तुटून पडला. अव्वा टाळी वाजवायची सवय विसरली आणि ओरडली, "हाऽऽ! हाऽऽ!" पारवे भर्रकन उडाले. ती तशीच उभी राहिली, हात वर उचललेले. तो शेवटचा 'हा' फाटला नव्हता. मी पुस्तक मिटलं. पाखरं नसताना तिनं तो परत काढला, हळू, जपून. मग तिसऱ्यांदा, आणि या वेळी धरून ठेवला. थरथरत होता, पण धरला होता. मी आत जाऊन पेटीवर काळी पाच दाबली. वरून अव्वाचा सा येऊन त्याला मिळाला.

मी बाहेर आले तर ती माळवदाच्या कडेला वाकून बघत होती. उन्हामुळं मला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"गिरू," ती म्हणाली, "ह्याला जागा हाय का गं तुझ्या गाण्यात?"

"न्हाय अव्वा," मी म्हटलं. "गाणंच नवं करावं लागंल."

"मग कर की," ती म्हणाली, आणि पाखरांनी विसकटलेला मूग पुन्हा पसरू लागली.